फटफटीचं तोंड

माझा हात तोंडाच्या आधी चालतो. शाळेत मी एकाचा दात पाडला, पुण्याला गॅरेजात काम शिकताना एका सोबत्याच्या डोक्यात हवा भरायचा पंप घातला, आणि माझ्याच लग्नाच्या पंगतीत झालेली हाणामारी बायको अजून काढते. अशा माणसाचा हात ज्या एका दिवशी चालायला पाहिजे होता, त्या दिवशी तो भलतीकडेच गेला. त्यात माझ्या मामाचा उजवा हात कायमचा गेला. मी पुढं जे काही केलं ते मामाच्या नजरेत पुन्हा उभं राहता यावं म्हणून केलं.

मामा म्हणजे माझा बापच. आईबाप पटकीत गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मार्गासनीच्या पुढं डोंगराच्या पोटात एक वाडी आहे, तिथं मामा-मामीनं मला वाढवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामानं मला उभ्या जन्मात एक चापट मारली नाही. ते काम मामीकडं होतं आणि तिनं ते मन लावून केलं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. पुण्याहून काम शिकून मी भोरला आलो तो एका जंगल-ठेकेदाराच्या पदरी पडलो. वेल्ह्याकडच्या डोंगरातला हिरडा आणि लाकूड त्याच्या ठेक्यात होतं, आणि तिकडं हिंडायला त्यानं एक विलायती मोटरसायकल घेतली होती. लोक तिला फटफटी म्हणत आणि त्याला पट्टा म्हणत. गिरणीच्या मशीनचा जाड चामडी पट्टा, हातभर कापलेला, कायम त्याच्या कमरेला खोचलेला असे. कुणी न विचारता फांदी तोडली, कुणी हिरडा परस्पर दुसऱ्याला विकला, की तो पाठीवर उतरे. बाई बघायचा नाही, म्हातारं बघायचा नाही. पाठीची सालटी निघत. तोंडावर आम्ही त्याला मालक म्हणत असू. इथं मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

गाडीवर मात्र माझा जीव होता. दर सोमवारी सकाळी मी तिला गोठ्याबाहेर काढायचो. आधी प्लग उतरवून पेट्रोलात धुवायचा, तारेच्या ब्रशानं काजळी काढायची. मग मॅग्नेटोचं झाकण. गाडीची ठिणगी तिथंच तयार होते. आतले दोन पॉइंट एकमेकांवर आपटून काळे पडलेले असत, ते घासून त्यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवायची. दिव्याच्या आणि भोंग्याच्या तारा कुठं सोलल्यात का ते बोटांनी चाचपायचं. बॅटरीत घालायला मी आषाढातलं पावसाचं पाणी काचेच्या बरण्यांत भरून ठेवत असे. मालकानं एकदा भक्तिभावानं बॅटरीत नीरेचं पाणी ओतलं, वर हळद-कुंकू. बॅटरी पंधरा दिवसांत मेली, आणि पट्टा माझ्या पाठीवर बसला. तीर्थानं बॅटरी मरते हे त्याला पटवून देणार कोण?

आणखी एक काम माझंच होतं. हँडलवर डाव्या बाजूला एक खटका असतो. तो मागं ओढला की ठिणगी उशिरा पडते, पुढं ढकलला की लवकर. किक मारताना खटका मागंच पाहिजे. पुढं राहिला तर इंजिनातला दट्ट्या वर पोचायच्या आत स्फोट होतो आणि किकचा दांडा उलटा येऊन पायावर बसतो. पुण्यात शिकताना माझ्या घोट्यानं हा धडा घेतला होता, महिनाभर मी लंगडत होतो. मालकाला खटका कधी लक्षात राहत नसे. तो गाडीवर बसायच्या आधी मी तो मागं ओढून ठेवायचो आणि बाजूला व्हायचो. न सांगता, रोज.

एका उन्हाळ्यात तो मला म्हणाला, "हिचं तोंड बंद कर."

सायलेन्सर गंजून फुटला होता. फटफटी मार्गासनीचा ओढा ओलांडू लागली की आवाज वर डोंगरात घुमायचा. बायका पाट्या झुडपात सारून वाटेला लागायच्या, लाकूडवाले कुऱ्हाडी लपवायचे. मामी मला हसून म्हणायची, "तुजी फटफटी लई भली बग. लांबनंच बोंबलती." म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. निम्मं ठाऊक होतं, आणि उरलेल्या निम्म्याकडं मी पाहिलं नाही, कारण मला ते काम जमतं का ते बघायचं होतं. कारागिराला ही खाज असते आणि ती वाईट असते.

मी पत्र्याचा दुप्पट लांब डबा केला. आत भोकं पाडलेली नळी घातली आणि नळीभोवती लेथवरचा पितळेचा कीस गच्च कोंबला. ठिणगीची वेळ जुळवली, साखळी तेलात भिजवून घट्ट केली, सैल मडगार्डाखाली चामड्याच्या चकत्या बसवल्या. गाडी चालू केली तर गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली नाही. मालकानं माझ्या खांद्यावर थाप मारली. ती थाप मला गोड लागली, हेही सांगून टाकतो.

वैशाखात त्यानं मला मागं बसवून नेलं. चढाला गाडी कशी ओढते ते बघायचं होतं. आम्ही किकवीच्या फाट्यावरची गर्दी मागं टाकून, नसरापूरवरून, मार्गासनीच्या वर आलो. ऊन कानशिलावर बसत होतं आणि इंजिन चालू असताना मला पाखरांचा आवाज ऐकू येत होता. मी मनात खूश होतो. एका वळणावर मालकानं एकदम ब्रेक दाबला.

वीस पावलांवर मामा होता. पाठमोरा. नांगराच्या हाळसाला लाकूड पाहिजे म्हणून ऐनाची एक फांदी त्यानं खाली घेतली होती आणि बसून तासत होता. त्यानं वळून पाहिलंच नाही. आवाजच आला नव्हता.

मालकानं गाडी नीट स्टँडवर लावलीसुद्धा नाही. पट्टा काढत धावला. पहिला फटका मामाच्या मानेवर बसला, दुसरा कानावर. मामा तोंडावर पडला, उठला, परत पडला. मी ओरडलो, "मालक, माजा मामा हाय त्यो!"

"मंग दोन जादा घे म्हनावं," असं म्हणून त्यानं पट्टा टाकला आणि, मी मागून धावताना हत्यारांच्या पिशवीतून पडलेला मोठा पाना त्यानं उचलला. माझाच पाना.

त्याच वेळी माझ्यामागं गाडी कलली आणि धाडकन आडवी झाली. टाकीच्या झाकणातून पेट्रोलची धार लागली, ती सरळ तापलेल्या डब्याकडं. आणि माझे हात, जे कुणाच्याही अंगावर विचारायच्या आत जात, ते गाडीकडं गेले. मी पेट्रोलचा नळ बंद केला. गाडी उचलली. धार पुसली. यात किती वेळ गेला? दहा श्वास. पण मागून जो आवाज आला तो मी अजून ऐकतो. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज. मामानं डोकं वाचवायला उजवा हात आडवा धरला होता आणि पाना कोपरावर बसला होता. एकदा नाही, तीनदा.

मग मी गेलो. मालकाची मानगूट धरली, त्याला दगडावर आपटला, त्याच्या नाकातून रक्त काढलं. हे सगळं केलं, पण उशिरा केलं. मामा धुळीत बसला होता. त्याचा हात कोपरापासून भलत्या बाजूला लोंबत होता. तो माझ्याकडं पाहत होता, आणि माझ्या हातात पेट्रोल पुसलेली चिंधी होती.

मी त्याला पाठुंगळीला घेऊन वाडीवर आणला. हाडवैदानं बांबूच्या काड्या बांधल्या. मामी शिव्या देत होती, रडत होती, मालकाच्या सात पिढ्या काढत होती. दिवस मावळायला आला तेव्हा मामानं एवढंच विचारलं, "आवाज कसा न्हाई आला रं?"

मी म्हणालो, "वारं उलटं आसंल."

मालकानं मला काढलं नाही. नाक पुसलं, पाठीवर पंधरा पट्टे मोजून दिले आणि दुसऱ्या सोमवारी गाडी पुढं ठेवली. त्या भागात त्याला दुसरा मिस्त्री मिळणार नव्हता. मी का राहिलो, असं बायको विचारते. मला त्याच्याजवळ राहायचं होतं म्हणून. दूर जाऊन माणसाचा सूड घेता येत नाही. मी दर सोमवारी त्याच्या गाडीचे पॉइंट घासत होतो आणि रोज मनात त्याला मारत होतो. डबा काढून जुना सायलेन्सर लावतो म्हणालो, तर त्यानं पट्ट्यावर हात ठेवला.

मामाचा हात बसला तो वाकडाच. बोटं वळत नव्हती. आषाढात नांगरट शेजाऱ्यांनी सावडीनं करून दिली, आणि मामा बांधावर बसून दुसऱ्याच्या हातात आपली बैलं बघत राहिला. बेंदराला त्यानं बैलं सजवली नाहीत. "ज्यानं नांगर धरला न्हाई त्यानं बैलाचं कवतिक करू न्हाई," म्हणाला. घुंगुरमाळ खुंटीवरच राहिली.

ती माळ बघून मला सुचलं.

मालकाच्या घरची एक रीत होती. खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडत: कुऱ्हाडी, करवती, बंदूक, आणि शेवटी फटफटी. तिला पाणी, दूध, दही सगळं घालत. मी आदल्या दिवशी मॅग्नेटोला मेणकापड गुंडाळून ठेवायचो. बोकड पडे आणि त्याच्या रक्ताचा हात दोन्ही चाकांना लागे. आणि त्या दिवशी हत्याराला जे बांधलं जाईल ते पुढं माणसानं हातानं सोडायचं नाही, आपसूक गळून पडलं तरच. सोडलं तर हत्यार धन्यावर उलटतं, असं त्याच्या बापानं सांगितलेलं. माणसाच्या पाठीची सालटी काढणारा तो बाबा ह्या गोष्टीला मात्र चळाचळा कापत असे.

मी मामीकडं माळ मागितली. कशाला ते सांगितलं नाही. "घिऊन जा. बैलं बी उगी बघत्यात तिच्याकडं," म्हणून तिनं दिली. नवमीला पूजा झाल्यावर, नारळ फुटल्यावर, सगळ्यांसमोर मी ती माळ फटफटीच्या सीटखालच्या स्प्रिंगांना तारेनं आवळून बांधली. मालकानं वरून हळद-कुंकू वाहिलं. माझ्या हातात तेव्हा बोकडाचं रक्त होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.

दसऱ्याला गाडी बाहेर पडली ती वाजत. खड्ड्याखड्ड्याला माळ उसळायची. इंजिन मुकं आणि वर बैलाची घुंगरं. वरवे गावची पोरं मागं धावायची. डोंगरातल्या लोकांना समजायला चार दिवस पुरले. आधी दोन बायका सापडल्या, बैलगाडी आली समजून बेसावध राहिलेल्या. त्यांच्या पाठी फुटल्या. मी ते ऐकलं आणि मनात म्हणालो, आता तरी शिकतील. असा मी झालो होतो. पुढं मात्र घुंगरू वाजलं की जंगल रिकामं. मालक जाई तिथं नुसत्या ताज्या ढलप्या आणि गरम राख.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मी मॅग्नेटो तपासत होतो. ठिणगी बघायला खटका पुढं ढकलला होता. तो आला, माळेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"ही कुनाची माळ?"

"माज्या मामाच्या बैलाची."

"सोड."

"तुमीच सोडा, मालक. तुमच्या घरची रीत हाय. माजा हात लागायचा न्हाई."

त्यानं पट्टा काढला. पहिल्या फटक्याला माझा ओठ फाटला, दुसऱ्याला डोळ्यापुढं काळोख आला. तिसरा मी हातावर झेलला, पट्टा मनगटाला गुंडाळून त्याला ओढला आणि त्याच्या पोटात डोकं घातलं. आम्ही दोघं ऑइलात आणि शेणात लोळलो. तो ताकदीचा होता. त्यानं माझा गळा धरून मला भिंतीला चेपला, तोंडावर थुंकला आणि म्हणाला, "आज वाडीवरच जातू. घुंगरं वाजवीत जातू. तुज्या मामाचा दुसरा हात कसा हाय बगतू."

तो गाडीकडं वळला. मी भिंतीला टेकून होतो. मला खटका दिसत होता. पुढं होता, पार पुढं. रोजच्या सवयीनं माझा हात उठला. उठलेला मी पाहिला. आणि मी तो खाली घेतला.

त्यानं सगळा राग पायात आणून किक मारली. दांडा उलटा आला. नडगीचं हाड काडकन मोडून धोतरातून बाहेर आलं, पांढरं. तो पडला, गाडी त्याच्यावर पडली, माळ एकदा जोरात वाजली. पेट्रोलची धार लागली. तो गुरासारखा ओरडत होता, "उचल! उचल की रं!" मी तोंडातलं रक्त थुंकलो आणि उभा राहिलो. एक बिडी ओढून व्हावी इतका वेळ. ह्या खेपेला माझे हात कुठंच गेले नाहीत.

मग गाडी उचलली, नळ बंद केला, आणि त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात पोचवला. परत येऊन तार कापली, माळ खांद्यावर टाकली आणि चालू लागलो. मामाला सांगायचं होतं. अंग फुटलं होतं, ओठ सुजला होता, पण पाय जमिनीला लागत नव्हते. नसरापूरपर्यंत एका गाडीवानानं बसवून घेतलं, तिथंच ओट्यावर पडलो आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मार्गासनीच्या पुढच्या जंगलात शिरलो.

पावलागणिक माळ वाजत होती. मी मुद्दाम खांदा उडवत होतो. वळणाच्या पुढं हिरडीखाली पाच-सहा बायका होत्या. त्यांनी घुंगरू ऐकलं आणि उठून पळाल्या. काट्यांतून, दगडांतून, लुगडी फाडत. एक आडदांड बाई ठेचकाळून पडली, गुडघ्यावर उठली आणि मागं न बघता दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मी ओरडलो, "आवं, म्या हाय! म्या! त्यो न्हाई!" तिनं ऐकलं नाही. तशीच रांगत झुडपात गेली. तिची पाटी वाटेवर उपडी झाली होती. मी माळ काढून खाली ठेवली, सगळे हिरडे वेचून पाटीत भरले आणि वाट पाहिली. कुणी परत आलं नाही.

वाडीवर पोचलो तो माळ छातीशी घट्ट दाबून, वाजू नये म्हणून. मामा ओट्यावर बसला होता, मामी चुलीपुढं होती. मी सगळं सांगितलं. डब्यापासून सांगितलं. पितळेचा कीस, पेट्रोलची धार, उलटं वारं, माळ, खटका. मालकाचं हाड बाहेर आलं इथपर्यंत आलो तेव्हा मामीनं परातीवर हात आपटला, "बरं झालं मुडद्याचं!"

मामा म्हणाला, "म्हंजी त्यो पडल्यावं तू बगत हुबा ऱ्हायलास."

"व्हय, मामा."

"माज्या येळला बी तू गाडीपाशी हुबाच व्हतास."

मी मार पुष्कळ खाल्ला आहे. त्या एका वाक्यानं जे झालं ते पट्ट्यानं कधी झालं नव्हतं. मी ओट्याखाली बसून लहान पोरासारखा रडलो. मामीनं मला गप्प केलं नाही आणि मामानंही केलं नाही.

रडणं संपल्यावर मी त्याला त्या बाईचं सांगितलं, डोकं झाकून रांगत गेलेली. ते ऐकून मामा उठला. आत जाऊन जुन्या धोतराचा फाटका तुकडा घेऊन आला. माळ मांडीवर घेतली आणि डाव्या हातानं एकेका घुंगराभोवती चिंधी गुंडाळू लागला. माळ परत बैलांच्या गळ्यात जायची होती, पण ह्या डोंगरात तो आवाज आता पुन्हा काढायचा नव्हता. चिंधी सुटत होती. एका हातानं गाठ बसत नव्हती, दातात टोक धरावं तर पुढचे दात मालकानंच त्या दिवशी पाडलेले. त्यानं दोनदा केलं, तीनदा केलं. मी बघत बसलो होतो, मला हात लावायची हिंमत नव्हती.

शेवटी तो माझ्याकडं न बघताच म्हणाला, "बगत काय बसलाईस? धर हितं."

मी टोक धरलं.